लिहून देणारी मुलगी

वरळी कोळीवाड्यातल्या मुलांपर्यंत जपान दोन वाटांनी येतो. एक वाट जुनी आहे. डॉ. ॲनी बेझंट रोडवर, पोदार रुग्णालयासमोर निप्पोनझान म्योहोजी पंथाचं जपानी बुद्धमंदिर आहे. आजची वास्तू १९५६ सालची, बिर्लांच्या मदतीने उभी राहिलेली. या पंथाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि हिरोशिमा-नागासाकीनंतरचं आयुष्य त्यांनी जागोजागी शांतिस्तूप उभारण्यात घालवलं. राजगीरच्या डोंगरावरचा १९६९ चा स्तूप त्यांच्याच प्रेरणेतून झाला. युद्धात होरपळलेल्या देशाचा एक माणूस शांततेचा ढोल वाजवत आपल्या वरळीपर्यंत आला, ही गोष्ट इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

दुसरी वाट मोबाइलची. बाप ओट्यावर जाळं दुरुस्त करतोय आणि शेजारी पोरगं कानात इअरफोन घालून ‘नारुतो’ नाहीतर ‘अटॅक ऑन टायटन’ बघतंय, हे दृश्य आता कोळीवाड्यात रोजचं झालंय. मोठ्यांच्या लेखी ती सगळी कार्टूनच. या लेखाचा विषय त्यांच्या लेखी असलेलं असंच एक कार्टून आहे, आणि ते मोठ्या माणसांनी बघावं म्हणून मी लिहितो आहे. ज्यांच्या घरात कोणी लढाईवरून, बोटीवरून किंवा बंद पडलेल्या गिरणीतून परत आलं आणि नंतर कधी मोकळं बोललंच नाही, त्यांनी तर नक्कीच बघावं.

‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ ही १३ भागांची ॲनिमे मालिका. काना अकात्सुकी या लेखिकेच्या कादंबरीला क्योटो ॲनिमेशन या स्टुडिओच्या स्पर्धेत २०१४ मध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार तोवर कोणालाच मिळालेला नव्हता. २०१८ च्या जानेवारीत त्याच स्टुडिओची मालिका सुरू झाली आणि नेटफ्लिक्सवरून जगभर गेली. दिग्दर्शक ताइची इशिदाते, लेखनाची धुरा रेइको योशिदा यांच्याकडे, संगीत इव्हान कॉल यांचं. देश काल्पनिक आहे, काळ पहिल्या महायुद्धानंतरच्या युरोपसारखा: आगगाड्या आहेत, गॅसचे दिवे आहेत, विमानं नुकती उडायला लागली आहेत आणि टेलिफोन अजून यायचा आहे.

कथा एका मुलीची. तिला नाव नव्हतं, आईबाप कोण ते ठाऊक नव्हतं. सैन्याने तिला हत्यार म्हणून वापरलं. गिल्बर्ट नावाच्या मेजरच्या हाती ती सोपवली गेली. त्याने तिला व्हायोलेट हे नाव दिलं, लिहाय-वाचायला शिकवलं, आणि हुकमाप्रमाणे लढाईवरही नेलं. शेवटच्या लढाईत तिचे दोन्ही हात गेले. मेजर जखमी होऊन पडला होता. तिला तिथून निघून जा, जग, असं सांगताना आपलं तिच्यावर प्रेम असल्याचं तो बोलून गेला. मालिका सुरू होते ती रुग्णालयात. युद्ध संपलंय, मुलीला धातूचे हात बसवलेत, आणि ती एकच विचारते आहे: मेजर कुठे आहेत, माझ्यासाठी पुढचा हुकूम काय? त्याचे शेवटचे शब्द तिला पाठ आहेत, पण प्रेम म्हणजे काय ते तिला कोणी कधी दाखवलेलं नाही.

मेजरचा मित्र हॉजिन्स सैन्य सोडून खासगी टपाल कंपनी काढतो आणि तिला कामाला ठेवतो. तिथे पत्रं लिहून देणाऱ्या मुलींचा एक विभाग आहे. त्यांना ‘ऑटो मेमरी डॉल’ म्हणतात. मुळात हे एका यंत्राचं नाव. ऑर्लंड नावाच्या एका शास्त्रज्ञाची बायको कादंबरीकार होती. तिची दृष्टी गेली तेव्हा तिला सांगून लिहिता यावं म्हणून त्याने ते बनवलं. पुढे जी माणसं हे काम करू लागली त्यांनाही तेच नाव चिकटलं. बायकोचं लिहिणं थांबू नये म्हणून बनलेल्या यंत्राच्या नावाने पुढे एक अख्खा व्यवसाय उभा राहतो, ही कल्पना मला फार आवडते. व्हायोलेट हे काम मागून घेते. दुसऱ्यांच्या मनातलं लिहीत राहिलं तर मेजरच्या त्या शब्दांचा अर्थ आपल्यालाही लागेल, अशी तिची भाबडी आशा असते.

टंकलेखन तिला लगेच जमतं. धातूची बोटं कळांवर एका लयीत पडतात, चूक एकही नाही, वेग सगळ्यांपेक्षा जास्त. पत्र मात्र जमत नाही. दुसऱ्या भागात एक बाई येते. तिला एका माणसाला लिहायचंय. तो आवडतो, पण एकदम होकार द्यायचा नाही, त्याने आणखी थोडं मागे लागावं असं तिच्या मनात आहे. व्हायोलेट तिचे शब्द ऐकते आणि त्यांचा सरळ हिशेब मांडते: तुमच्याविषयी मला काही वाटत नाही, तुमचे प्रयत्न अपुरे आहेत, अशा धर्तीवर. पत्र जातं आणि बाई रडत परत येते. सैन्यात निरोप असाच द्यायचा असतो, कमीत कमी शब्दांत आणि संदिग्धता न ठेवता. व्हायोलेटला त्याहून वेगळा निरोप माहीतच नसतो.

आपल्याकडच्या पत्रांची रीत आठवून हे पाहिलं तर त्या मुलीची अडचण नेमकी कळते. मराठी पत्राला मायना असायचा. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. पत्रास कारण की... आणि शेवटी कळावे, लोभ असावा. साचा ठरलेला, त्यामुळे लिहिणाऱ्याला धीर यायचा. खरी गोष्ट बहुतेक वेळा या साच्यात बसायचीच नाही. ती यायची सगळ्यात खाली, सही झाल्यावर, ‘ता. क.’ लिहून. अर्धं पत्र पाऊसपाणी, म्हैस, सोसायटीचं कर्ज आणि धाकट्याची फी यांत गेल्यावर ताज्या कलमात एखादं वाक्य: तुझी तब्येत सांभाळ, अंगावर दुखणं काढू नकोस. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं प्रेमपत्र तेवढंच. चांगल्या पत्रलेखकाचं कसब त्या एका ओळीत होतं. सांगणारा ती ओळ बोलेल की नाही, बोलला तर कशी लिहायची, आणि तो लाजून गप्प बसला तर आपण विचारायचं का, हे त्याला ठरवावं लागायचं. व्हायोलेटला साचा येतो, ताजा कलम येत नाही.

हा व्यवसाय आपल्या शहराने पुरेपूर पाहिला आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारी जीपीओची इमारत आहे. जॉन बेग या वास्तुविशारदाने विजापूरच्या गोलघुमटावरून तिचा घुमट घेतला आणि १९१३ मध्ये ती पुरी झाली. तिच्या समोर, कबुतरखान्याच्या बाजूला, ताडपत्री नाहीतर प्लास्टिक ताणून पत्रलेखकांची मेजं लागायची. मेजावर पोस्टकार्डं, आंतरदेशीय पत्रं, मनीऑर्डरचे फॉर्म, डिंकाची बाटली, सुई-दोरा आणि लाखेची कांडी. पत्र लिहिणं हे कामाचं एक अंग. पार्सल बांधणं दुसरं. डबा किंवा खोका मांजरपाटात घट्ट शिवायचा, शिवणीवर ठिकठिकाणी पेटती लाख टिपकवायची, ती ओली असतानाच पितळी शिक्का दाबायचा, आणि कापडावर पत्ता ठळक अक्षरात घालायचा. वाटेत कोणी शिवण उसवली तर लाख फुटून कळलं पाहिजे, यासाठी एवढा खटाटोप. ज्या हाताने हे व्हायचं त्याच हाताने दुसऱ्या मिनिटाला कोणाच्या तरी आईला लिहिलं जायचं की मुलगा मजेत आहे, काळजी नसावी.

समोर बसून सांगणारा गिऱ्हाईक म्हणजे उत्तर प्रदेश-बिहारचा हमाल, कोकणातला किंवा घाटावरचा गिरणी कामगार, कामाठीपुऱ्यातून आलेली बाई. तिला घरी पैसे पाठवायचे असत आणि कुठून पाठवतोय ते सांगायचं नसे. लेखकाला सगळं समजायचं. तो विचारायचा नाही, लिहायचा. कोकणाला मनीऑर्डरवर चालणारा प्रदेश म्हणायचे; त्या मनीऑर्डरच्या तळाशी निरोपासाठी चार बोटांची जागा असायची, आणि तेवढ्यात महिन्याभराचं बोलणं बसवावं लागायचं. गिरणगावातल्या ज्याला लिहिता येत नसे तो खोलीतल्या शिकलेल्या पोराला धरायचा. पत्र गावी पोचलं की तिथे ते पोस्टमन नाहीतर शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे, ओसरीवर, सासूसमोर. म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये दोन परके: इथे एक लिहिणारा, तिथे एक वाचणारा. अशा पत्रात प्रेम लिहायचं तर ते म्हशीच्या चौकशीतच लपवावं लागणार. कोळीवाड्यातही आमच्या आज्यांच्या पिढीला बाजाराचा हिशेब तोंडपाठ होता, डझनाचे भाव आणि उधारी दोन्ही, पण अक्षर फारच थोड्या जणींना येत होतं. बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाचं पत्र आलं की गल्लीत शाळेत जाणारं पोर शोधलं जायचं.

युद्धात तर हे काम आणखी जड झालं. पहिल्या महायुद्धात १० लाखांहून अधिक भारतीय समुद्र ओलांडून आघाड्यांवर गेले, त्यातले कितीतरी मुंबई बंदरातून. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला लढल्या आणि त्यांचं जबर नुकसान झालं. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला, अन्न संपलं, आणि शरणागतीनंतर कैदेत पुष्कळ शिपाई मेले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची ही माणसं. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला कोणी लिहिणारा गाठायचा, त्याच्यासमोर बसून सांगायचं, आणि मग ते पत्र सेन्सॉरच्या टेबलावर जायचं. फ्रान्समधल्या भारतीय टपालासाठी बूलोनला असं कार्यालय होतं. एव्हलिन हॉवेल हे त्याचे प्रमुख. तिथे पत्रं उघडून वाचली जात, त्यांतले उतारे इंग्रजीत आणून अहवाल तयार होत. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने १९९९ मध्ये त्यांतल्या निवडक पत्रांचं पुस्तक काढलं.

त्या पत्रांत शिपाई सेन्सॉरला चकवायला आडवळणाने बोलत. काळी मिरी आणि लाल मिरची हे शब्द त्यात पुन्हा पुन्हा येतात. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असं घरच्यांना लिहिलं की त्यांना कळायचं, पोरांना पाठवू नका. एक न शिकलेला शेतकरी, हजारो कोसांवर, खंदकात, दुसऱ्याच्या हाताने, तिसऱ्याच्या नजरेखालून आपल्या भावाला हे सांगतो. ही पत्रं वाचली की कळतं, लिहून देणारा माणूस हा नुसता कारकून नव्हता. तो साक्षीदार होता. दुर्दैव एवढंच की हाती उरले आहेत ते इंग्रजी उतारे. आईला ‘बये’ म्हणून हाक मारली होती की ‘आये’ म्हणून, ते आता कधीच कळणार नाही.

मालिकेचा ११वा भाग हाच प्रसंग घेतो आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. यादवी चालू असलेल्या एका देशातून एडन नावाचा तरुण शिपाई पत्रं लिहून हवीत म्हणून मागणी पाठवतो. त्या भागात जायला बंदी असते. व्हायोलेट विमानातून उडी मारून पोचते. पोचते तेव्हा तो गोळी लागून पडलेला असतो. बर्फ, एक लाकडी खोपटं, शेकोटी. टाइपरायटर नाही. ती धातूची बोटं हवेतच कळा दाबल्यासारखी हलवत राहते आणि त्याचा शब्द न् शब्द लक्षात ठेवते: आई-वडिलांसाठी एक, गावातल्या मारियासाठी एक. तो तिच्या हातात जातो. मग ती त्याच्या घरी जाऊन ती पत्रं स्वतः देते. आई तिला जवळ घेते, मुलाला घरी आणल्याबद्दल आभार मानते, आणि ही मुलगी, जिने स्वतः शेकड्याने माणसं मारलेली आहेत, त्याला वाचवू शकले नाही म्हणून माफी मागते. या दृश्यात संगीत अगदी हळू आहे आणि चित्रकारांनी सगळं लक्ष आईच्या हातांवर दिलंय. युद्धपट खूप पाहिलेत. लढाईचा हिशेब इतका सरळ मांडलेला फार थोड्या ठिकाणी दिसला.

हातांविषयी थोडं सांगायला हवं, कारण मालिकेचा अर्धा जीव त्यांत आहे. चित्रकारांनी व्हायोलेटचे धातूचे हात प्रत्येक चौकटीत यंत्र म्हणूनच काढलेत: सांधे दिसतात, बोट वळताना बारीक आवाज येतो, हातमोजा ती दातांनी ओढून काढते. सुरुवातीला तिच्या हातून कागद चुरगळतो, कप सांडतो. हे कोणत्याही जपानी कल्पनेइतकंच आपलंही आहे. १९१४ ते १९२० च्या दरम्यान मुंबईत जखमी शिपायांनी भरलेल्या बोटी येत होत्या. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बांधून झालं होतं, पण संग्रहालय म्हणून ते १९२२ मध्ये उघडलं. मधल्या वर्षांत त्या इमारतीत लष्करी रुग्णालय चाललं. हात-पाय गमावलेल्या शिपायांना नवा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, पुढे ते खडकीला गेलं आणि आजही तिथे अपंग जवानांना प्रशिक्षण देतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. अवयव बसवणं हे डॉक्टरचं आणि कारागिराचं काम. त्या अवयवाने काय करायचं हे माणसाला स्वतःच शोधावं लागतं. व्हायोलेट त्या हातांनी पत्रं लिहिते.

ती बरी कशी होते, हे मालिका घाई न करता दाखवते. तिसऱ्या भागात ती डॉल्सच्या शाळेत जाते. वर्गातली लुकुलिया नावाची मुलगी आपल्या भावाविषयी सांगते: युद्धातून अपंग होऊन आला, आई-बाप मेल्याचा दोष स्वतःला देतो, दिवसभर पितो. तिला त्याला एकच सांगायचंय, की तो जिवंत परत आला याचाच तिला आनंद आहे, आणि तेवढंच तिच्या तोंडून निघत नाही. व्हायोलेट ते ऐकते आणि दोन-तीन ओळींची चिठ्ठी टाइप करून भावाच्या हातात नेऊन देते. मायना नाही, अलंकार नाही. तिची पहिली खरी चिठ्ठी ती. पुढे जेव्हा व्हायोलेटला मेजर नसल्याचं कळतं आणि आपल्या हातांनी किती घरं उजाड झाली याची जाणीव तिला जाळू लागते, तेव्हा तिला सावरायला कोणी मोठा वैद्य येत नाही. सहकारी मुली तिला पत्र लिहितात. आणि तो दारुडा भाऊ येतो, बहिणीला पत्र लिहून द्याल का, असं विचारत. जिला काम येतं तिला काम दिलं जातं. युद्धाहून परतलेल्या माणसाला आपण सहानुभूती देतो, हार घालतो, भाषणं करतो. तू आम्हाला हवा आहेस, हे काम तूच कर, असं सांगणारे थोडे असतात. मालिकेने ही गोष्ट बरोबर ओळखली आहे.

१०व्या भागाविषयी न लिहिता पुढे जाता येत नाही. ॲन ही सात वर्षांची मुलगी, तिची आई दुखण्याने खंगलेली. आई व्हायोलेटला सात दिवस घरी बोलावते आणि दार लावून पत्रं लिहवून घेते. मुलगी चिडते, कारण आईचे उरलेले दिवस कोणा परक्याला पत्रं लिहिण्यात चाललेत. आई जाते. पुढच्या वाढदिवसाला पोस्टमन येतो आणि ॲनच्या हातात आईचं पत्र पडतं. आठव्या वर्षी, अठराव्या, विसाव्या. अशी ५० पत्रं, पुढच्या ५० वाढदिवसांची. लिहिताना व्हायोलेट स्थिर असते. ऑफिसात परत आल्यावर ती ढसाढसा रडते. हा भाग बघून झाल्यावर आमच्या घरात बराच वेळ कोणी बोललं नाही.

मालिकेतला एक भाग मला पटत नाही, तोही सांगतो. मेजरने एका पोरीला हत्यार म्हणून वापरलं. त्याला त्याची बोच आहे, पण तो तिला लढाईवर नेतोच, आणि तिचं त्याच्यावरचं प्रेम व त्याचं तिच्यावरचं प्रेम यांत वयाचं आणि सत्तेचं जे अंतर आहे त्याच्याकडे मालिका पुरेशा कठोरपणे पाहत नाही. मालिकेची कथा पुढे नेणाऱ्या २०२० च्या चित्रपटात ही गाठ सोडवली आहे ती मला फार गोड वाटली. मालिकेच्या १३व्या भागात व्हायोलेट स्वतःसाठी पहिलं पत्र लिहिते. माझ्या मते कथा तिथे पूर्ण होते.

चित्रपटातला दुसरा धागा मात्र अस्सल आहे. शहरात टेलिफोन आलाय आणि डॉल्सना कळतंय की आपलं काम जाणार. युरिस हा आजारी मुलगा आई, वडील आणि धाकट्या भावासाठी पत्रं लिहवून घेतो. जिवलग मित्रासाठीचं राहून जातं आणि वेळ संपते. तेव्हा एक डॉल धावत जाऊन त्याच टेलिफोनवर दोघांचं बोलणं घडवून आणते. ज्या यंत्राने आपली भाकरी जाणार, ते यंत्र या घटकेला पत्राहून उपयोगी आहे, हे ती क्षणात मान्य करते. जीपीओसमोरच्या लेखकांच्या वाट्यालाही हेच आलं. आधी एसटीडी बूथ, मग मोबाइल, मग फोनवरून पैसे पाठवणं. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, स्पीड पोस्टमध्ये मिसळली. मेजं कमी झाली. जी उरली तिथे फॉर्म भरणं आणि पार्सल शिवणं चालतं. पत्र सांगायला येणारं माणूस विरळा.

ही मालिका घडवणाऱ्यांची हकिकत तिच्यापासून वेगळी काढता येत नाही. क्योटो ॲनिमेशनची सुरुवात १९८१ मध्ये क्योटोजवळच्या उजी गावात झाली. योको हात्ता यांनी शेजारच्या गृहिणींना घेऊन ॲनिमेशनची चित्रं रंगवायचं काम घेतलं, १९८५ मध्ये कंपनी झाली. जपानमध्ये बहुतेक ॲनिमेटर चित्रामागे पैसे घेऊन राबतात. इथे पगारी नोकरी देण्याची, स्वतःची शाळा चालवून माणसं घडवण्याची रीत ठेवली, आणि चित्रकारांत बायकांचं प्रमाण मोठं राहिलं. मालिकेतल्या हातांच्या, पाण्याच्या, कागदाच्या चित्रांत जी सबुरी दिसते ती अशा घरातूनच येते. १८ जुलै २०१९ च्या सकाळी एका माणसाने त्यांच्या फुशिमीमधल्या स्टुडिओत शिरून पेट्रोल ओतून आग लावली. इमारतीत ७० जण होते. ३६ जण मेले. व्हायोलेटवरचा एक जोडचित्रपट आदल्याच दिवशी पुरा झाला होता. तो सप्टेंबरमध्ये लागला तेव्हा श्रेयनामावलीत काम केलेल्या सगळ्यांची नावं होती, गेलेल्यांचीही. मोठा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये यायचा होता. आग आणि मग कोविड यांमुळे लांबत तो १८ सप्टेंबर २०२० ला आला. आग लावणाऱ्याला क्योटोच्या जिल्हा न्यायालयाने २५ जानेवारी २०२४ रोजी फाशीची शिक्षा सुनावली. मेलेल्या माणसांची पत्रं वेळेवर पोचवणाऱ्या मुलीची कथा, आणि ती काढणारे हातच गेले. उरलेल्यांनी टेबलावर बसून ती पुरी केली. तो चित्रपट बघताना हे मनातून जात नाही, आणि जाऊही नये.

बघायची असेल तर पहिल्यापासून बघा. पहिले दोन भाग संथ आहेत, मुलगी कोरडी वाटेल, तिसऱ्यापर्यंत थांबा. सातवा, दहावा आणि अकरावा घरातल्या थोरांना शेजारी बसवून बघा. भाषा कळली नाही तर पोरं सांगतील. आणि घरात जुन्या ट्रंकेत आंतरदेशीय पत्रं असतील, मनीऑर्डरच्या पावत्या असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. सांगणारा कोण होता हे सहीवरून कळेल. लिहिणारा कोण होता, हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारा आणि पत्राच्या मागे पेन्सिलीने त्याचं नाव घालून ठेवा.